दुसऱ्या हातातली गाडी

२०१९ च्या पावसाळ्यात कराडच्या आमच्या घरी पोस्टाने एक नोटीस आली. अमुक नंबरची मारुती ८०० रस्त्याच्या कडेला बरेच महिने बेवारस उभी आहे, मालकाने ती हलवावी, नाहीतर जप्त करून लिलावात काढली जाईल, असा मजकूर. गाव दीडशे किलोमीटर लांबचं. तिथे आमचं ना नातं ना गोतं. आईला वाटलं, काहीतरी फसवाफसवीचा प्रकार आहे. बाबांनी चष्मा लावून नंबर दोनदा वाचला आणि खुर्चीत बसले. नंबर आमच्याच एट हंड्रेडचा होता. ती आम्ही २०१४ मध्ये विकली होती.

विकली म्हणजे काय केलं होतं? एक एजंट आला. त्याने कोऱ्या फॉर्मवर बाबांच्या सह्या घेतल्या, 'नाव बदलायचं माझ्याकडे लागलं' म्हणाला, रोख मोजली आणि गाडी घेऊन गेला. निघताना आईने गाडीला हळदकुंकू लावलं होतं. कागदावर मात्र ती गाडी आमच्या दारातून हललीच नव्हती.

यंदा आईबाबांसाठी पुन्हा गाडी घ्यायची ठरली. नवी नको, हा बाबांचाच हट्ट. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे सवयीने आधी एक शीट बनवली. मॉडेल, वर्ष, किलोमीटर, किंमत, ॲव्हरेज, एअरबॅग किती, शेवटी एक फॉर्म्युला आणि त्यातून निघणारा स्कोअर. बाबांनी ती फोनवर खालपर्यंत सरकवून पाहिली आणि विचारलं, "अरे, आधी कोणाची होती हे यात कुठे आहे?"

मला तो प्रश्न जुन्या पिढीचा वाटला. जुना तर तो आहेच. पण तो किती जुना आणि प्रत्येक काळात त्याचा अर्थ कसा वेगळा होता, हे वाचत गेलो तेव्हा माझी शीट चुकीच्या बाजूने सुरू झाली होती हे लक्षात आलं.

गोष्ट कुर्ल्यापासून सुरू करतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा कारखाना कुर्ल्याचा. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ ची. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की परदेशातून सुटे भाग आणून नुसते जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. ज्यांना हळूहळू अख्खी गाडी इथेच बनवायची आहे त्यांनीच राहावं. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. सामान्य माणसाला घेण्यासारख्या उरल्या तीन: अँबॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. हीच फियाट पुढे सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले.

कोणी किती गाड्या बनवायच्या हे लायसन्स ठरवायचं. सत्तरच्या दशकात अख्ख्या देशात वर्षाला साधारण तीस-चाळीस हजार मोटारी बनत. आज तेवढ्या तीनेक दिवसांत बनतात. १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा सरकारी आदेशच निघाला होता. १९६९ मध्ये किमतीही सरकारने ठरवून दिल्या. त्यावरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७१ मध्ये निकाल आला. किंमत बांधलेली, गाड्या मोजक्या आणि घेणारे भरपूर, मग रांग लागणारच. फियाटसाठी नाव नोंदवून, पैसे भरून लोक वर्षानुवर्षं थांबत. मुलीच्या बारशाला नोंदवलेली गाडी तिच्या मुंजीच्या वयाच्या भावाला शाळेत सोडायला आली, असले विनोद घरोघरी होते.

त्यामुळे आज ऐकायला विचित्र वाटेल असं घडायचं. शोरूममधून बाहेर पडलेली गाडी लगेच महाग व्हायची. तुमच्याकडे वर्षभर वापरलेली फियाट असेल, तर ती नव्या फियाटच्या सरकारी किमतीपेक्षा जास्त दराने जाई. कारण नवी होती कुठे? घेणारा माणूस इंजिनचे पैसे देत नव्हता, तो रांगेतल्या वर्षांचे पैसे देत होता. त्या काळात 'आधी कोणाची होती' याला उत्तर असायचं 'डॉक्टरांची', आणि ते ऐकून लोक गाडीही न बघता टोकन द्यायचे. छोट्या जाहिरातींत 'डॉक्टरची गाडी', 'एकहाती' हे शब्द अजून टिकून आहेत. हल्लीचे डॉक्टर कशी गाडी चालवतात ते मी पुण्यात रोज पाहतो, पण शब्दांचा भाव काही उतरलेला नाही.

आता एक योगायोग. अगदी याच काळात जॉर्ज अकरलॉफ नावाचा सत्तावीस वर्षांचा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ दिल्लीत राहत होता. १९६७-६८ हे वर्ष त्याने तिथल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काढलं. येण्याआधी त्याने एक निबंध लिहून एका मोठ्या नियतकालिकाला पाठवला होता. विषय होता जुन्या गाड्यांचा बाजार. 'इतक्या क्षुल्लक विषयावर आम्ही छापत नाही', अशा अर्थाचं उत्तर आलं. दुसऱ्या नियतकालिकानेही तेच कळवलं. तिसऱ्याचा आक्षेप उलटा होता: हे खरं असेल तर अर्थशास्त्रच वेगळं असायला हवं. शेवटी चौथ्याने १९७० मध्ये तो छापला आणि २००१ मध्ये, मुख्यतः त्याच कामासाठी, अकरलॉफला नोबेल मिळालं.

त्याचं म्हणणं समजायला अर्थशास्त्र लागत नाही. समजा, एका मॉडेलच्या चांगल्या ठेवलेल्या गाडीची खरी किंमत चार लाख आहे आणि पिळून काढलेल्या गाडीची दोन लाख. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत. विकणाऱ्याला ठाऊक आहे आपली कोणती, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा धोका धरून तीन लाख म्हणतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्यात देण्यापेक्षा मीच वापरतो किंवा मेव्हण्याला देतो. तो बाजारातून बाहेर पडला की उरलेल्यांत खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं, घेणारा आणखी खाली येतो, आणखी काही चांगल्या गाड्या बाहेर पडतात. अमेरिकेत अशा खराब गाडीला 'लेमन' म्हणतात. आमच्या गॅरेजवाल्या काकांचा शब्द होता 'डोकेदुखी'.

शोरूमबाहेर पडताच गाडीची किंमत का पडते, हे या निबंधातून कळतं. आणि निबंध लिहिणारा राहत होता अशा देशात, जिथे शोरूमबाहेर पडताच किंमत चढत होती. निबंधात भारताचा उल्लेख आहे, पण तो सावकार आणि मॅनेजिंग एजन्सी यांच्या संदर्भात. दिल्लीच्या रस्त्यांवरच्या अँबॅसडरवर एक ओळही नाही. मला त्याची चूक वाटत नाही. रांग असते तोवर कोणी बोनेट उघडून बघत नाही. त्याचा सिद्धांत आपल्याकडे लागू व्हायला आधी रांग संपायला हवी होती.

ती संपायला वेळ लागला. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली. किंमत पन्नास हजारांच्या आत. बुकिंग लाखावर गेलं होतं, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं हिच्यावरही 'ऑन' चालायचा, म्हणजे ज्याचा नंबर लागला तो चावी हातात पडताच वरचे पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचा. जुनी सवय, गाडी तेवढी नवी. १९९३ मध्ये मोटार उद्योगाचं लायसन्स गेलं, मागोमाग कोरियन आले, १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका एकाच वर्षी बाजारात आल्या, बँका कर्ज द्यायला दारात येऊ लागल्या. नवी गाडी पैसे टाकताच मिळायला लागली आणि जुन्या गाडीचा भाव पहिल्यांदाच तिच्या वयाप्रमाणे उतरायला लागला. अकरलॉफ आता आपल्याकडे पोचला.

२००६ मध्ये बाबांनी २००१ ची एट हंड्रेड घेतली, ती याच नव्या काळात. मी शाळेत होतो. गाडी बघायला गॅरेजवाले काका सोबत होते आणि त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं. मालक चावी आणायला आत गेला, तेव्हा काकांनी गुपचूप बोनेटवर तळवा ठेवला. गरम लागलं असतं तर आम्ही तिथूनच परत फिरणार होतो. आधीच सुरू करून ठेवलेलं इंजिन आपला दोष लपवतं, थंड इंजिन खोटं बोलत नाही. गाडी सुरू झाल्यावर ते सायलेन्सरजवळ उकिडवे बसले. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ चालतो, पण गाडी तापल्यावरही तो दाट येत राहिला तर पाणी आत शिरतंय. मग बोटाच्या पेरांनी ते दारं वाजवत फिरले. पत्र्याचा आवाज टणटणीत, लांबी भरलेल्या जागेचा बद्द. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टचा रंग उडालाय का, म्हणजे ते कधी खोलले गेलेत का, हेही त्यांनी पाहिलं. सगळं झाल्यावर बाबांना बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "माणूस बरा आहे, घ्या." एवढी तपासणी करूनही निकाल माणसाबद्दल!

दहा वर्षं हे ज्ञान पुरलं. पण त्यात एक भोक होतं, ते म्हणजे गाडी ठणठणीत आणि कंपनी गेलेली. प्रीमियरने प्यूजोबरोबर कल्याणजवळ काढलेली ३०९ नव्वदच्या दशकात आली आणि काही वर्षांतच बंद पडली. देवूची सिएलो आणि मॅटिझ पोरक्या झाल्या. तळेगावला कारखाना असलेल्या शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. यातल्या बऱ्याच गाड्या उत्तम होत्या आणि म्हणूनच जुन्या बाजारात स्वस्तात मोहात पाडतात. माझ्या शीटमध्ये सगळ्यात वरचा स्कोअर अशाच एका गाडीला होता. घरातली एकमेव गाडी म्हणून, आईला आठवड्यातून दोनदा फिजिओकडे न्यायला, मी ती घेणार नाही. हौस म्हणून दुसरी गाडी हवी असेल तर जरूर घ्या.

दुसरं भोक पाण्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या. विमा कंपनी अशा गाडीला 'टोटल लॉस' ठरवते, मालकाला पैसे देते आणि बुडालेला सांगाडा लिलावात विकते. तो घेणारा गाडी धुतो, सुकवतो, सीट कव्हर बदलतो आणि ती पाऊस न झालेल्या शहरात उभी करतो. वरून काही कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तर टोकाला चिखलाची रेघ सापडते. सीट ज्या पट्टीवर पुढेमागे सरकते ती खालून गंजलेली असते. आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ असतो, कारण तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात जात नाही. गाडीत परफ्यूम मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा.

आता मीटर. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल जायची. ती सोडून ठेवली की गाडी धावे आणि आकडा थांबे. ज्याला घाई असेल तो ड्रिल लावून आकडे उलटे फिरवायचा. मेहनतीचं काम होतं आणि आकडे वाकडे बसले की पकडलं जायचं. डिजिटल मीटर आल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. किलोमीटरचा आकडा आता मीटरमागच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो, लॅपटॉप जोडला की काही मिनिटांत नवा आकडा लिहिता येतो आणि ओरखडाही उमटत नाही. ज्या धंद्यात मी पगार घेतो त्याच धंद्याची ही देणगी.

यंदा एका मोठ्या, वातानुकूलित दुकानात मी एक गाडी पाहिली. मीटरवर ३८ हजार. विक्रेता मुलगा माझ्याच वयाचा, मला 'सर, सर' करत होता. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर एका कडेला गुळगुळीत झालं होतं आणि स्टिअरिंगची कातडी चकाकत होती. ३८ हजारांत असं होत नाही. टायरवर आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेलं असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, पण चारही टायर २०२३ चे. ३८ हजार चाललेल्या गाडीचे पहिले टायर कुठे गेले? मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नोंदी विचारल्या. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती, ७१ हजारांवर. मुलाला दाखवलं तर तो खरोखर गोंधळला. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. गाडी त्याच्यापर्यंत किती हातांतून आली होती कोण जाणे.

म्हणजे घेणाऱ्याला कळत नाही, इथवर अकरलॉफ बरोबर होता. विकणाऱ्याला सगळं कळतं, हे मात्र आता धरून चालता येत नाही. आपल्याकडे हल्ली वर्षाला नव्यापेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात आणि मधल्या हातांची साखळी लांबली आहे. गाडीचा भूतकाळ ठाऊक असलेला शेवटचा माणूस बहुधा तोच, ज्याचं नाव आरसीवर आहे.

आणि त्या नावाचं वजन किती, हे २०१८ च्या एका निकालाने स्पष्ट झालं. एकाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे आणखी हातांत गेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये ती मागे घेताना अपघात झाला आणि त्यात एकाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? उच्च न्यायालयाने म्हटलं, ज्याच्या ताब्यात गाडी त्याने. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, आणि अपघातग्रस्ताच्या घरच्यांनी विक्रीच्या साखळीचा माग काढत हिंडावं अशी अपेक्षा करता येणार नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. बाबांच्या जागी उभा राहून वाचला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. आमची एट हंड्रेड नुसती उभी होती. कोणाला धडकली नव्हती.

कायद्यात विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, हे पहिल्यापासून आहे. १९८८ चा कायदा आहे तो. पण मधला एजंट नाव बदलत नाही, कारण त्याला गाडी ठेवायची नसते, पुढे सरकवायची असते. कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या असल्या की गाडी नोटेसारखी हातोहात फिरते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले: जुन्या गाड्यांच्या डीलरने अधिकृत परवाना घ्यायचा, गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची ऑनलाइन नोंद करायची आणि ताबा असेपर्यंत जबाबदारी त्याची. एप्रिल २०२३ पासून हे लागू आहे. चांगला नियम आहे. गाडी विकायला जाल तेव्हा हा परवाना मागून बघा, समोरच्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळेल.

त्या २०१९ च्या नोटिशीनंतर बाबा आणि मी एसटीने त्या गावी गेलो होतो. गाडी एका नाल्याच्या कडेला विटांवर उभी होती, चाकं नव्हती, बॅटरी नव्हती. डॅशबोर्डवर आईने चिकटवलेला गणपती तेवढा होता. एजंटचा फोन केव्हाच बंद झालेला. दोन खेपा, अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि टेम्पोचं भाडं असं करून बाबांनी ती भंगारात घातली आणि नोंदणी रद्द करून घेतली. स्वतः विकलेल्या गाडीवर त्यांनी पुन्हा पैसे खर्च केले. गणपती त्यांनी खिशात घातला.

शेवटी गाडी मिळाली साताऱ्यात, एका निवृत्त शिक्षकांकडे. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, साध्या गिअरची, अजून धंद्यात असलेल्या कंपनीची. माझ्या शीटमध्ये ती सातव्या नंबरावर होती. सर्व्हिसची सगळी बिलं त्यांनी तारखेप्रमाणे पंच करून ठेवली होती आणि मीटरचा आकडा प्रत्येक बिलाशी जुळत होता. डाव्या दाराला लांबी भरलेली होती. विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "ते फाटकाला मीच घासलं." बँकेचं कर्ज फिटलं होतं, पण आरसीवरून बोजा उतरवायचा राहिला होता, तो उतरेपर्यंत आम्ही टोकनशिवाय पैसे दिले नाहीत आणि त्यांनाही ते पटलं. फॉर्म भरताना बाबांनी एकेक रकाना वाचून दाखवला, मगच दोघांनी सह्या केल्या.

तीन आठवड्यांनी सरांचा बाबांना फोन आला.

"काय हो, गाडी कशी आहे?"

"मस्त आहे. हिला परवा पालीला नेऊन आणलं."

"बरं झालं. नाव बदलून आलं का? नाही म्हणजे, तुमच्यावर विश्वास आहे माझा, पण..."

बाबांनी त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं नाही. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी मला खूण केली आणि मी सरांना नव्या आरसीचा फोटो पाठवला.